लाल टॅग

मेस्त्रीच्या घरात अकरा लाल टॅग होते. शेगडीला एक, सिलिंडरला एक, गिझरला, इस्त्रीला, मोरीतल्या नळाला, दाराच्या कडीला, असे घरभर.

मेस्त्री लिफ्टचं काम करायचा. त्या कामात एक नियम असतो. माणसाने लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी वर जाऊन मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि लाल टॅग अडकवायचा. टॅगवर लिहायचं ‘बंद आहे’, खाली सही, वेळ. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. सव्वीस वर्षं मेस्त्रीने हा नियम पाळला, म्हणून त्याची दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

घरातले टॅग बायकोसाठी होते.

बायको पूर्वी औषधाच्या दुकानात कामाला होती. एका म्हाताऱ्याला तिने रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी तिच्या मनात आलं, पाकीट बरोबर दिलं ना आपण? रात्रभर तळमळली. सकाळी त्याच्या घरी जाऊन बघून आली. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, “बाई, गोळ्या बरोबर आहेत. तुम्ही बऱ्या आहात ना?”

हे तिने घरी येऊन हसत सांगितलं होतं आणि मेस्त्रीही हसला होता. सहा महिन्यांत तिने दुकान सोडलं. मग दुकानातली शंका घरात आली. गॅस बंद आहे ना? इस्त्री काढली ना? दार लागलं ना? ती बघून यायची, चार पावलं चालायची आणि पुन्हा वळायची. आपल्यामुळे इमारतीला आग लागेल, खालच्या मजल्यावरची माणसं झोपेत गुदमरतील, असं तिला डोळ्यांसमोर दिसायचं. खोटं आहे हे तिला कळायचं. कळून उपयोग नव्हता. डॉक्टरांना दाखवलं, फरक पडला नाही.

“अहो, बंद आहे ना?”

“हो गं, बंद आहे.”

एका सुट्टीच्या दिवशी मेस्त्रीने गंमत म्हणून मोजलं. एकशे तेरावर त्याने मोजणं सोडलं.

टॅगची कल्पना त्याचीच. कामावरून कोरे टॅग आणले, प्रत्येकावर सही केली आणि म्हणाला, “आता मला विचारू नकोस, याला विचार.” पंधरा दिवस घरात स्वर्ग होता. ती सकाळी दार ओढून पाच मिनिटांत खाली उतरायची. मेस्त्रीला वाटलं, जे डॉक्टरांना जमलं नाही ते आपण करून दाखवलं. मग तिला टॅगवर आजची तारीख लागायला लागली. मग वेळ. मग एक दिवस ती टॅग हातात घेऊन आली आणि म्हणाली, “ही सही तुमचीच ना?”

तेव्हापासून तो बाहेर पडताना अकरा टॅगांवर सह्या करायचा आणि जिन्यातून हाक आली की परत वर चढून पुन्हा करायचा. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

त्याची थोरली बहीण, अक्का, गावातच राहायची. ती आली की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. “तू हिचा नवरा आहेस की वॉचमन? एक सणसणीत कानाखाली दिली असती तर हा मंत्रचळ केव्हाच उतरला असता.”

“अक्का, चहा घे.”

“चहा घेते. पण शेगडी पेटवायला परवानगी कोणाची काढायची ते सांग.”

बायको हे ऐकून आतल्या खोलीत जायची. अक्का वाईट नव्हती. डबे भरभरून आणायची, वहिनीचे केस विंचरून द्यायची. फक्त तोंड तिच्या ताब्यात नव्हतं.

औषधं तीन झाली. एकाने ती दिवसभर झोपायची, एकाने हात थरथरायचे, तिसऱ्याने काहीच व्हायचं नाही. घराबाहेर पडायला आता तीन तास लागायचे, म्हणून ती बाहेर पडेनाशी झाली. मेस्त्री कामावर असला की फोन करायची. एकदा तो लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा होता. जोडीदार डबा सावकाश खालीवर करून बघत होता. खिशात फोन वाजायला लागला. चार वेळा वाजून थांबला, पाचव्यांदा त्याने उचलला. “हो, बंद आहे,” म्हणताना त्याचा पाय अर्धा वीत सरकला आणि डब्याच्या उलट खालीवर जाणारा वजनाचा लोखंडी ठोकळा त्याच्या खांद्याजवळून, सदऱ्याला घासून, खाली गेला. जोडीदाराने शिवी हासडली आणि डबा थांबवला.

मेस्त्रीने घरी सांगितलं नाही. पण सदऱ्यावरचा ग्रीसचा काळा ओरखाडा तिने धुताना पाहिला. बाईला काही सांगावं लागत नाही. त्या रात्री ती जेवली नाही. आठवड्याने म्हणाली, “मोठ्या इस्पितळात ते मेंदूचे फोटो काढतात म्हणे, आमच्यासारख्यांचे. तिथे जाऊ. हे शेवटचं. याने नाही झालं तर मला कुठे नेऊ नका. आणि मी काही केलं तर स्वतःला दोष देऊ नका.”

“काही केलं म्हणजे?”

ती उत्तर न देता गॅस बघायला गेली.

इस्पितळात संशोधन चालू होतं. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या होत्या, बुटांचा चुकचुक आवाज करत चालायच्या आणि बोलताना खुर्ची ओढून समोर बसायच्या. त्यांनी सांगितलं, “बारा माणसं घ्यायची आहेत. आधी मशीनमध्ये झोपवून, भीती वाटत असताना मेंदूत काय होतं त्याची चित्रं घेणार. मग आठ आठवडे रोज उपचार. मग पुन्हा चित्रं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की कळेल, उपचाराने काय बदललं. अकरा झालेत. तुमच्या मिसेस बाराव्या.”

“म्हणजे उपचार नक्की मिळणार?”

“पहिली चित्रं नीट आली तर. आधीचं नसेल तर नंतरचं कशाशी ताडून बघू?”

मेंदूत नेमकं काय बिघडतं, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, काम झालं की मेंदूतच एक निरोप जातो, झालं, आता सोड. या आजारात तो निरोप पोचत नाही, असं आम्हाला वाटतं.

मेस्त्री सरसावून बसला. “लिमिट स्विच.”

“काय?”

“लिफ्ट मजल्यावर आली की एक बटण दाबलं जातं. मग मोटरला कळतं, पोचलो. ते बटण बिघडलं तर डबा मजल्यावर असतो आणि मोटर आपली ओढतच असते.”

“इतकं सोपं नाहीये ते,” बाई हसल्या, “पण मी हे चोरणार आहे.”

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मोटर जळून जाते ना हो मग?”

आता मशीनमध्ये भीती वाटायला हवी तर भीतीचं कारण समोर हवं. त्यासाठी घरच्या माणसाने घरातले वीस फोटो काढून आणायचे, रोग्याला न दाखवता. पेटलेला गॅस आणि आसपास कोणी नाही. कापडावर पालथी तापलेली इस्त्री. सताड उघडं दार. ते मशीनमधल्या पडद्यावर एकेक दाखवायचे, मधेमधे बादली, खुर्ची असे साधे फोटो. तिच्या एका हातात चार बटणं. एक म्हणजे काही वाटत नाही, चार म्हणजे सहन होत नाही. दुसऱ्या हातात रबरी फुगा, नकोच झालं तर तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात.

मेस्त्रीने बायकोला कसंबसं अक्काकडे पोचवलं आणि फोटो काढले.

पहिली तपासणी सकाळी नऊला झाली. नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता. पहाटे साडेचारपासून घरातून निघण्याची तयारी चालली होती. अक्काही सोबत आली. काचेपलीकडे मशीनमध्ये बायकोचे फक्त पाय दिसत होते. मशीन हातोडे मारल्यासारखं ठोकत होतं आणि पाय जराही हलत नव्हते.

मशीन चालवणारा जाडजूड माणूस होता. तो म्हणाला, “याला म्हणतात पेशंट. नाहीतर लोक आत जाऊन नाक खाजवतात. ही बाई केसभर हलली नाही.”

मेस्त्रीची छाती फुगली. पोरीचा पहिला नंबर आल्यासारखं त्याने अक्काकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई मात्र पडद्याकडे बघत होत्या. “सगळीकडे एक,” त्या म्हणाल्या. “वीसच्या वीस फोटोंना त्यांनी एक दाबलंय.”

“बघ!” अक्का म्हणाली. “मी सांगत नव्हते, हिला काही झालेलं नाही म्हणून?”

“बादलीला जे चित्र, तेच पेटत्या गॅसला. काही फरकच नाही.” बाई मेस्त्रीकडे वळल्या. “घरातून निघायला ज्यांना साडेतीन तास लागले, त्या स्वतःच्या घरची तापलेली इस्त्री बघून एक दाबतात? काय सांगितलंत तुम्ही त्यांना?”

“शपथ घेऊन सांगतो, एक अक्षर नाही.”

बाईंनी फोटो मोठा केला. शेगडी, पेटलेली ज्योत, पाठीमागे रिकामा ओटा. आणि खाली कोपऱ्यात, नखाएवढं, लाल. दुसरा फोटो. इस्त्रीच्या वायरीपाशी लाल. तिसरा. दाराच्या चौकटीवर लाल. विसाव्या फोटोत टॅगचा नुसता दोरा होता.

“हे काय आहे?”

मेस्त्रीने पडद्याजवळ जाऊन पाहिलं. फोटोसाठी गॅस पेटवायचा म्हणजे घरात धोक्याचं काम चालू करायचं, आणि धोक्याचं काम म्हटलं की हात आपोआप टॅगकडे गेला होता. ताजी तारीख, ताजी वेळ, सही. खड्ड्यात उतरताना जसा जातो तसा. त्याने सगळं सांगितलं. टॅगांचं, सह्यांचं, तिसऱ्या मजल्याचं.

“मुद्दाम केलंत?”

“नाही.” मग तो थांबला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. “म्हणजे लावला तेव्हा कळलं नाही. पण फोटोत दिसतोय हे एकदा दिसलं होतं. काढावासा वाटला नाही.”

बायको बाहेर येऊन स्टुलावर बसली होती. केस एका बाजूला चपटे झाले होते. ती म्हणाली, “फोटो आला की मी आधी लाल शोधायचे. सापडला की एक.” आणि मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून, “मी चुकले का?”

“तू नाही गं,” मेस्त्री म्हणाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चित्र धरता येणार नाही. हे रोगाचं चित्र नाही, टॅगचं आहे. मेस्त्रीने हात जोडले. सव्वीस वर्षांत त्याने कोणापुढे हात जोडले नव्हते, त्यामुळे ते कसे जोडायचे हेही त्याला नीट कळलं नाही, एक हात वर आणि एक खाली राहिला. “मॅडम, तिने मला सांगितलंय हे शेवटचं म्हणून. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतो ते? माझ्या चुकीसाठी तिला बाहेर काढू नका.”

बाई मशीनवाल्याशी हळू बोलल्या. तीन वाजताचा एक रोगी येणार नव्हता. बाई मग बायकोसमोर खुर्ची ओढून बसल्या. आज एवढं झालंय, पुन्हा आत जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणाल्या. बायको बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. “जाते,” म्हणाली. “पण हे काचेमागे बसले पाहिजेत. मधेमधे मला सांगायचं, बसलेत म्हणून.”

“ते सांगू. बंद आहे का, ते मात्र कोणी सांगणार नाही.”

मेस्त्री स्कूटर काढून घरी गेला. अकरा टॅग सोडवले आणि खिशात कोंबले. त्यांच्याशिवाय घर उघडंबोडकं दिसायला लागलं. गॅस पेटवला, मागे सरकला, फोटो काढला. गिझर लावला. दार सताड उघडलं आणि जिन्यात जाऊन फोटो काढला. शेवटी इस्त्री. स्वतःचा सदरा पसरला, इस्त्रीचा लाल दिवा विझेपर्यंत थांबला, पालथी ठेवली, फोटो काढला. सदऱ्यावर पिवळा डाग उमटला होता. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई. “मशीन आत्ताच मोकळं होतंय, नंतर तातडीचा रोगी येतोय. अर्ध्या तासात पोचाल?”

तो पोचला.

नवे फोटो देऊन, फोन आणि किल्ल्या बाहेरच्या कपाटात ठेवून तो काचेमागे बसला. बायकोला आत झोपवलं. मशीनवाला तयारी करता करता म्हणाला, “मेस्त्री, एक सांगू का? माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी दारात गेलो की विचारायची, किल्ली घेतली का. रोज. चिडायचो मी, म्हणायचो, मी काय कुकुलं बाळ आहे? ती गेल्यावर दोनदा कुलूप तोडून घरात शिरलो.” त्याने एक बटण दाबलं. “विचारणारं माणूस असू दे तुमचं. पण आज तोंड उघडू नका.”

मशीन ठोकायला लागलं.

पहिला फोटो गेला. पडद्यावर आकडा उमटला. चार. दुसरा बादलीचा, दोन. तिसरा, चार. पहिली फेरी संपली, ठोकणं थांबलं आणि भिंतीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. “अहो.”

मशीनवाला माइकमध्ये म्हणाला, “बसलेत इथे.”

“अहो, यात टॅग नाहीत. बंद आहे ना सगळं?”

मेस्त्रीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आणि तिने विचारलं म्हणून, सवयीने, त्याने मनातल्या मनात उत्तर द्यायला घेतलं. गॅस. बंद केला, बटण फिरवताना कट् वाजलं होतं. गिझर. बंद. दार. किल्ली बाहेर कपाटात आहे, म्हणजे लावलं. इस्त्री.

इस्त्री.

सदऱ्यावरचा पिवळा डाग आठवत होता. फोन वाजलेला आठवत होता. बाईंचं ‘अर्ध्या तासात’ आठवत होतं. त्यानंतर एकदम जिना आठवत होता. मधलं काहीच नव्हतं. इस्त्री उचलली का? प्लग ओढला का? सव्वीस वर्षं आठवण ठेवण्याचं काम त्याने टॅगवर सोपवलं होतं. आज टॅग खिशात होते, अकराच्या अकरा, आणि ते काही सांगत नव्हते.

दुसरी फेरी सुरू झाली. चार. चार. एक. चार. मेस्त्रीच्या डोळ्यांसमोर सदरा तपकिरी झाला, मग काळा. त्याखाली गादी होती. गादीवरच पसरला होता ना आपण? खालच्या मजल्यावर दुपारी एक बाळंतीण आणि तिची आई एवढ्याच असतात. तो उठला. बाहेर कपाटात फोन आहे, खाली कोणालातरी सांगून मेन स्विच पाडता येईल, दोन मिनिटांचं काम.

“कुठे?” मशीनवाल्याने विचारलं.

“इस्त्री. मला आठवत नाहीये.”

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. त्या काही बोलायच्या आत ठोकणं थांबलं आणि स्पीकर बोलला.

“आहेत ना तिथे?”

मशीनवाल्याने मेस्त्रीकडे पाहिलं. मेस्त्री उभाच होता. मग तो खाली बसला.

“बसलेत,” मशीनवाला म्हणाला.

“अहो, एकदा सांगा. एकदाच. मी पुन्हा नाही विचारणार. अहो, तुम्ही इतके दुष्ट कधी झालात? फक्त हो म्हणा. खोकलात तरी चालेल.”

मेस्त्रीच्या घशात खरोखरच खोकला आला होता. तो त्याने गिळला. त्याला कोणी मुकाट बसवायची गरजच नव्हती आता. हो म्हणायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

“रडा बाई,” मशीनवाला माइकमध्ये हळू म्हणाला, “पण डोकं हलवू नका. फुगा हातात आहे, नको असेल तर दाबा.”

तिने फुगा दाबला नाही. उताणं झोपून रडलं की पाणी कानात जातं. तिला पुसता येत नव्हतं. तिसऱ्या फेरीत पाय तसेच स्थिर होते, फक्त अंगठे एकमेकांवर दाबलेले. चार. चार. चार. मेस्त्रीला प्रत्येक आकडा आपला वाटत होता. हे हिला रोज होतं. हे हिला आंघोळ करताना होतं, जेवताना होतं. आणि आपण वैतागून, जोडे घालता घालता, ‘हो गं, बंद आहे’ म्हणत आलो, जणू माशी हाकलतोय.

पस्तीस मिनिटं लागली.

“चांगली आली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बारावं नाव लिहितेय. सोमवारपासून या.” मग मेस्त्रीला बाजूला घेऊन, “आजपासून तुमचंही औषध सुरू. त्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं नाही. उलट विचारायचं, किती? एक ते चार. आणि सोबत थांबायचं, उतरेपर्यंत. इस्त्रीचं म्हणाल तर घरी जाऊन एकदा बघा. साधी माणसं एकदा बघतात.”

अक्का बाहेर बाकावर पेंगत होती. वहिनीचा चेहरा बघून तिने तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मिटलं. पदराने तिचे कान पुसले. “वन्सं, ओले झालेत दोन्ही,” बायको म्हणाली. अक्का बसने तिच्या घरी गेली.

परतताना बायको मागे बसली, पण तिने त्याचा खांदा धरला नाही, सीट धरली. मेस्त्रीने आधी खालच्या मजल्यावर फोन करून पाहिला होता, कोणी उचलला नव्हता. तो अशी स्कूटर मारत होता की दोन चौकांत लोकांनी शिव्या घातल्या. वळणावर इमारत दिसली आणि तो मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायला लागला. धूर नव्हता. निदान खिडकीतून नव्हता. गादी आधी आतल्या आत धुमसते.

“काय झालं?” तिने विचारलं.

त्याने जिन्याशी गाडी लावली. “इस्त्री,” तो म्हणाला. “काढली की नाही, आठवत नाही.”

ती उतरली. हेल्मेट काढून हातात धरलं. तो आता शिव्या खायला तयार होता, निदान रडं ऐकायला. ती त्याच्याकडे कधी बघितलं नसल्यासारखी बघत होती.

“मी विचारत होते तेव्हाही नव्हतं आठवत?”

“नव्हतं.”

“किती?” ती म्हणाली.

“चार.”

“माझं रोज असतं,” ती म्हणाली. मग तिने जिन्याकडे बोट केलं. “जा. बघून या. एकदाच बघायचं.”

तो तीन मजले धावत चढला. कुलूप उघडून आत गेला. इस्त्री टेबलावर उभी होती. प्लग काढलेला, वायर गुंडाळलेली. हात आपलं काम करून गेले होते, त्याला न सांगता. तो भिंतीला टेकला. इतका हलका झाला की त्याला हसू आलं. दार ओढलं, कुलूप लावलं, उतरायला लागला.

दुसऱ्या मजल्यावर त्याच्या मनात आलं, इस्त्री पाहिली, पण गॅस?

कट् वाजलं होतं. नक्की आज वाजलं होतं की रोज वाजतं म्हणून आठवतंय? कठड्यावर हात ठेवून तो उभा राहिला. वर एकवीस पायऱ्या होत्या. खाली ती होती. त्याचा एक पाय वरच्या पायरीवर गेलासुद्धा.

“अहो?” खालून हाक आली.

त्याने पाय काढला आणि खाली आला. ती हेल्मेट पोटाशी धरून उभी होती, बोटं पांढरी पडली होती.

“बंद आहे ना?”

जिभेवर आलेलं उत्तर त्याने दातांनी अडवलं. एवढं सोपं उत्तर, एकदा तरी खरं, डोळ्यांनी बघून आणलेलं, आणि तेच द्यायचं नव्हतं. ती वाट बघत राहिली.

“विचारलं मी काहीतरी. अहो. बघून आलात ना? मग सांगायला काय जातं तुमचं?”

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि शेजारची जागा हाताने झाडली. ती बसेना. मग बसली, पण हातभर अंतर ठेवून. वरच्या मजल्यावरचा माणूस पिशव्या घेऊन आला. त्याला जाऊ द्यायला दोघं भिंतीकडे सरकली आणि ते अंतर कमी झालं.

“किती?” त्याने विचारलं.

“चार.” मग ती म्हणाली, “तुमचं?”

“तीन. गॅसचं येतंय आता.”

तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. ‘बंद असेल हो’ तिच्या तोंडात आलंय, ते त्याला दिसलं. तिने ते गिळलं.

उतरेपर्यंत थांबायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. चाराचा तीन व्हायला किती वेळ लागतो, हे विचारायचं मेस्त्रीच्या डोक्यातच आलं नव्हतं. खिशातले टॅग मांडीला टोचत होते. ऊन पायरीवरून सरकून स्कूटरवर गेलं, तरी दोघं बसून होती.